धूर नसलेल्या गाडीला प्रश्न कसा विचारायचा? हिंदमाताची ट्राम ते खिशातला 'डोंगल'

काड्यापेटीएवढे एक यंत्र. गाडीच्या स्टिअरिंगखालच्या सोळा टोकांच्या खोबणीत ते बसवायचे, ब्लूटूथने फोनशी जोडायचे आणि गाडीला तिच्या प्रकृतीविषयी विचारायचे. लोक त्याला 'ओबीडी डोंगल' म्हणतात. पेट्रोलची गाडी या प्रश्नांना मुकाट्याने उत्तरे देते. विजेची गाडी मात्र पहिल्याच नेहमीच्या प्रश्नाला अनेकदा दोन शब्द ऐकवते : 'नो डेटा'.

या दोन शब्दांमागचा इतिहास मोठा रंजक आहे. त्यात लॉस एंजेलिसचे धुके आहे, अननसाचा वास आहे, डेन्मार्कचा एक राजा आहे आणि ॲरिझोनाचा उन्हाळाही आहे. परंतु आरंभ करायचा तो परळ आणि दादर यांच्या मधल्या एका सखल चौकातून.

हिंदमाता. तिथल्या चित्रपटगृहावरून चौकाला हे नाव पडले. आज मुंबईकराला या नावासरशी दोन गोष्टी आठवतात : ड्रेस मटेरिअलची दुकाने आणि पावसाळ्यातले गुडघाभर पाणी. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. सात बेटे जोडून शहर उभे राहिले, पण बेटांमधली जमीन खालीच राहिली. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखांपेक्षा वर चढते, त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर जायचे थांबते आणि मग ते अशा बशीत साचते. त्यावर उपाय म्हणून अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने दादरचे प्रमोद महाजन कला पार्क आणि परळचे झेवियर्स मैदान यांच्याखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधल्या.

याच रस्त्याने, आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने, एके काळी विजेची वाहने रोज जात असत. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. १९०५ साली 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी पहिली विद्युत ट्राम धावली. ट्रामची शेवटची फेरी ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी झाली. दादर टी.टी. या नावातला 'टी.टी.' म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आज तिथे बसची वाट पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

आजच्या विजेच्या मोटारीतल्या बॅटरीचा दाब बहुधा तीनशे ते चारशे व्होल्ट असतो. त्या काळातल्या ट्राम जगभर सर्वसाधारणपणे पाचशे ते सहाशे व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत. म्हणजे उच्च दाबाची विजेची वाहने मध्य मुंबईला नवी नाहीत. ती येऊन गेलेली आहेत. मग त्या ट्राममधला बिघाड कसा शोधत?

कानाने, नाकाने आणि दिव्याने. चालकाच्या हातातल्या कंट्रोलरचे हँडल एकेक खाच पुढे सरके, तसे रोध कमी होऊन मोटरला अधिक वीज मिळे. एखाद्या खाचेवर गाडी धक्का देऊ लागली, की त्या खाचेचा संपर्क जळाला आहे हे जाणकाराला कळे. जळक्या वार्निशचा वास आला, तर मोटरचे वेटोळे गेले असे समजावे. डेपोमध्ये पाच दिवे एकसरीत जोडून तारेला लावायचे, ही जगभरच्या ट्राम कामगारांची जुनी युक्ती होती. दिवे पेटले तर वीज कुठे आणि किती गळते आहे, याचा अंदाज येई.

याच काळात लंडनच्या एव्हरशेड अँड विग्नोल्स कंपनीने विद्युतरोधन मोजणारे, हाताने फिरवायचे एक उपकरण बाजारात आणले. त्याचे नाव 'मेगर'. हे व्यापारी नाव १९०३ साली नोंदवले गेले आणि आजही वायरमनच्या तोंडी ते सामान्यनामासारखे रुळलेले आहे. तारेवरचे आवरण शाबूत आहे की वीज लोखंडी सांगाड्यात झिरपते आहे, एवढाच त्याचा प्रश्न. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

आणखी एक बारकावा या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. ट्रामची मालकी, तिला पुरवली जाणारी वीज, तिची दुरुस्ती आणि दुरुस्तीचे ज्ञान हे सर्व एकाच संस्थेच्या हाती होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही संस्था महानगरपालिकेच्या मालकीची झाली, तरी ही रचना तशीच राहिली. वाहन ज्याचे, त्यालाच ते उघडून पाहण्याचा अधिकार. त्यामुळे 'वाहनाला प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाचा?' हा प्रश्नच कोणाला पडला नाही.

ट्रामनंतर विजेवर चालणारी ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ अशी थोडा काळ गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर टिकली. तीही गेली. त्यानंतर शहराच्या सार्वजनिक रस्तावाहतुकीत साडेचार दशके इंधन जाळणाऱ्या बसचे राज्य चालले. बेस्टच्या ताफ्यात बॅटरीवरच्या बस आल्या त्या थेट २०१७ मध्ये. मधल्या काळात वाहनाच्या निदानाची सगळी भाषाच बदलून गेली होती. ती बदलली धुरामुळे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे तपकिरी धुके उतरू लागले. त्याचे कारण कोणालाच कळेना. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एरी हागेन-स्मिट हे डच रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाला वास कशामुळे येतो, याचा अभ्यास करत होते. हवेतली अत्यल्प द्रव्ये पकडण्याची त्यांची हातोटी धुक्याच्या कामी आली. मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातली द्रव्ये सूर्यप्रकाशात एकमेकांशी संयोग पावून हे धुके तयार करतात, असे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे १९६७ च्या कायद्याने 'कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड' हे मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. जगातल्या प्रत्येक ओबीडी डोंगलचे कूळ शोधत गेले, तर ते या अननसापर्यंत पोहोचते.

मंडळाचा तर्क सरळ होता. नवी गाडी कारखान्यातून स्वच्छ निघते, पण पाच वर्षांनी तिचा एखादा संवेदक बिघडतो, ती जास्त धूर ओकते आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून गाडीनेच स्वतःवर लक्ष ठेवावे आणि बिघाड झाल्यास दिवा लावावा. १९८८ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात ही सक्ती आली; तिला आज ओबीडी-१ म्हणतात. पण प्रत्येक कंपनीची खोबण निराळी, संकेत निराळे. काही गाड्यांत दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडायची आणि 'चेक इंजिन'चा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे, असा प्रकार होता.

१९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ओबीडी-२ सक्तीचे झाले आणि इथे खरी क्रांती घडली. खोबणीचा आकार एक, टोके सोळा, बिघाडांच्या संकेतांची यादी एक, प्रश्न विचारण्याची रीत एक. युरोपने २००१ पासून पेट्रोलच्या नव्या गाड्यांना असाच नियम लावला. भारतात भारत स्टेज-४ सोबत २०१० पासून ओबीडी-१ आणि २०१३ पासून ओबीडी-२ आले.

या नियमाचा हेतू केवळ धूर मोजणे हा होता. गाडीच्या मालकाला ज्ञान मिळावे, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचा धंदा टिकावा, हे उद्दिष्ट त्याच्या मुळाशी नव्हते. परंतु परिणाम तोच झाला. एकदा दार सर्वांसाठी एकाच मापाचे झाल्यावर त्याची किल्ली कोणालाही बनवता येऊ लागली.

ती किल्ली बनवली कॅनडातल्या 'ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स' या छोट्या कंपनीने. तिच्या चिपचे नाव 'ईएलएम ३२७'. गाडीच्या आतले निरनिराळे संदेशनियम ही चिप समजून घेते आणि साध्या अक्षरांत बाहेर देते. तिला द्यायच्या आज्ञा 'एटी' या अक्षरांनी सुरू होतात. ही पद्धत १९८१ च्या 'हेझ स्मार्टमोडेम' या टेलिफोन मोडेमवरून आलेली आहे. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', अर्थात 'लक्ष दे'. ज्यांनी मोडेमचा किरकिराट कधी ऐकलाच नाही, ती पिढीही फोनवरून गाडीला आजतागायत 'एटी झेड' असेच सांगते आहे.

चिपच्या पहिल्या आवृत्तीतल्या आज्ञावलीला नक्कल होण्यापासून संरक्षण नव्हते. झाले! तिच्या नकला निघाल्या आणि जगभर पसरल्या. बाजारातल्या असंख्य स्वस्त डोंगलांवर 'आवृत्ती १.५' असे लिहिलेले असते. मूळ कंपनीने अशी आवृत्ती कधी काढलीच नाही. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. नकला मात्र आजही विकल्या जातात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असा न्याय नवा नाही.

बिनतारी जोडणीचे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड ब्लूटूथ या राजावरून आले आहे. विखुरलेल्या टोळ्यांना त्याने एकत्र आणले, तशी ही लहरींची भाषा उपकरणांना जोडील, ही कल्पना. प्रत्यक्षात सगळी उपकरणे अजून एकत्र आलेली नाहीत. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवरचा स्वस्त डोंगल अँड्रॉइड फोनशी बोलतो, पण आयफोनला दिसतच नाही. आयफोनसाठी कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा किंवा वायफायचा डोंगल लागतो. लॅमिंग्टन रोडवर डोंगल घेताना अनेकांची पहिली फसगत इथेच होते.

आता प्रत्यक्ष जोडणी. खोबणीतल्या सोळा टोकांपैकी सोळाव्या टोकावर गाडीच्या लहान, बारा व्होल्टच्या बॅटरीची वीज कायम असते. चौथे आणि पाचवे टोक म्हणजे 'अर्थ'. सहाव्या आणि चौदाव्या टोकांवर 'कॅन' नावाची दोन तारांची वाहिनी असते. जर्मनीच्या बॉश कंपनीने ही वाहिनी १९८६ साली जगापुढे मांडली. गाडीतले अनेक छोटे संगणक तिच्यावर गावच्या पारावर बसल्यासारखे एकमेकांशी बोलतात. डोंगल बसवायचा, गाडी सुरू करायची, फोनवर '१२३४' असा परवलीचा अंक द्यायचा आणि ॲप उघडायचे. ॲप विचारते : '०१ ०सी'. पहिली सेवा, इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे. पेट्रोलची गाडी 'चार एक, ०सी' म्हणून दोन आकडे देते. त्यांवरून हिशेब करून चाराने भागले की फेरे निघतात.

विजेच्या गाडीला इंजिनच नाही. धूर नाही, म्हणून धुराचा कायदा नाही. आणि कायदा नाही, म्हणून ठरलेले प्रश्नही नाहीत. खोबण बहुधा असते, वाहिनीवर माहितीचा पूर वाहत असतो, पण ती कोणत्या क्रमांकाने मागायची हे प्रत्येक कंपनी स्वतःपुरते ठरवते. बॅटरीतल्या प्रत्येक घटाचा दाब, तापमान, उरलेली क्षमता हे सगळे गाडीच्या आत मोजलेले असते. पत्ता मात्र जाहीर नसतो. टेस्लाच्या 'मॉडेल ३'मध्ये तर नेहमीच्या खोबणीतून असे काही मिळतच नाही. तिथे आतल्या जोडणीत मध्ये घालायची वेगळी तार लागते.

धुराने जे दार नकळत उघडले होते, ते धूर गेल्याबरोबर नकळत मिटू लागले. कोणी मुद्दाम कट केला असे म्हणवत नाही. कायद्याची व्याख्याच तशी होती.

या मिटलेल्या दाराची किंमत काय, हे प्रथम ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात कळले. निस्सानची 'लीफ' ही विजेची मोटार २०१० च्या अखेरीस विक्रीला आली. तिच्या बॅटरीला पंख्याची किंवा पाण्याची थंडाई नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्समधल्या मालकांच्या लक्षात आले, की फळीवरच्या बॅटरीक्षमतेच्या बारा खुणांपैकी एकेक खूण नाहीशी होत आहे आणि गाडी पूर्वीइतकी लांब जात नाही. पण खुणेने आकडा कळत नाही. काही छंदिष्टांनी कॅन वाहिनीवरचे संदेश ऐकत ऐकत त्यांतला बॅटरीतल्या ऊर्जेचा आकडा ओळखला. तो दाखवणारे मीटर घरी बनवले गेले, आणि ज्याने ते बनवले त्याच्या आडनावावरून त्या आकड्याचे एकक 'गिड' असे रूढ झाले. एक गिड म्हणजे साधारण ऐंशी वॅट-तास. त्या सप्टेंबरमध्ये मालकांनी बारा गाड्या एकत्र आणून स्वतःच त्यांची चाचणी घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने अमेरिकेत बॅटरीच्या क्षमतेची हमी जाहीर केली : पाच वर्षे किंवा साठ हजार मैलांच्या आत बारापैकी नऊ खुणांच्या खाली गेल्यास बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देऊ.

पाठोपाठ 'लीफ स्पाय' नावाचे ॲप आले. स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि फोन एवढ्यावर लीफच्या सर्व ९६ घटजोड्यांचे दाब पडद्यावर दिसू लागले. जुनी लीफ घेताना आजही जाणकार ग्राहक आधी डोंगल लावून पाहतो. विजेच्या गाडीला बिनतारी डोंगल लावण्याच्या प्रथेचा उगम शोधायचा, तर तो फिनिक्सच्या या उन्हाळ्यात सापडतो.

आता पुन्हा हिंदमाताकडे. समजा, चौकातल्या पाण्यात विजेची गाडी तासभर उभी राहिली. बॅटरीची पेटी बहुधा पाणी न शिरणारी असते, पण जोडण्या, मोटर, आतल्या तारा यांचे काय? गाडीतली यंत्रणा उच्च दाबाच्या तारा आणि लोखंडी सांगाडा यांच्यामधला रोध सतत मोजत असते. तो घसरला, की 'पी०एए६' असा संकेत नोंदला जातो. अर्थ एवढाच : विद्युतरोधन ढासळले आहे. मेगर विचारत असे तोच प्रश्न, आता गाडी स्वतःलाच विचारते. दुर्दैवाने हा संकेत प्रमाणित यादीत असला, तरी तो ज्या संगणकात साठलेला असतो, तिथवर साधा डोंगल प्रत्येक गाडीत पोहोचतोच असे नाही. आणि कितीही उत्सुकता असली, तरी पाण्यात बुडालेल्या गाडीत शिरून डोंगल लावणे हे शहाणपण नव्हे. नारिंगी रंगाच्या तारा म्हणजे उच्च दाब. फ्लोरिडात २०२२ च्या 'इयान' चक्रीवादळात खाऱ्या पाण्याने भिजलेल्या काही गाड्या पाणी ओसरल्यावर कित्येक दिवसांनी पेटल्या होत्या.

दार उघडेच असावे का, यालाही दुसरी बाजू आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी विम्यासाठी बसवलेल्या एका डोंगलला नुसते मोबाइल संदेश पाठवून कॉर्वेट गाडीचे ब्रेक हाताळून दाखवले. ज्या वाहिनीवर बॅटरीची प्रकृती कळते, तिच्यावरूनच गाडीला आज्ञाही देता येतात. कंपन्या सुरक्षेचे कारण पुढे करतात तेव्हा ते पूर्णपणे पोकळ नसते. तथापि, वाचायला परवानगी देणे आणि लिहायला परवानगी देणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद सोयीने विसरला जातो.

ज्या कॅलिफोर्नियाने हे दार उघडले, त्यानेच २०२२ मध्ये नवा नियम केला : २०२६ च्या मॉडेलपासून विजेच्या गाड्यांतही प्रमाणित निदान असावे आणि बॅटरीची उरलेली क्षमता चालकाला कोणत्याही उपकरणाविना दिसावी. २०२५ मध्ये अमेरिकी संघ सरकारने राज्याला मिळालेली ही सवलत रद्द केली आणि वाद न्यायालयात गेला. युरोपच्या २०२४ च्या 'युरो ७' नियमावलीत बॅटरीच्या टिकाऊपणाचे निकष आहेत. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. मोटारगाड्या, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि शेतीची अवजारे ही तिची चार क्षेत्रे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले.

ज्यांना आपल्या गाडीवर हा प्रयोग करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. आधी आपल्या मॉडेलचे पत्ते ज्या ॲपमध्ये आहेत ते शोधावे, मग त्या ॲपला चालणारा डोंगल घ्यावा. उलट क्रमाने गेल्यास बहुधा 'नो डेटा' पदरी पडतो. संकेत वाचावेत, पण ते पुसण्याचे बटण दाबण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण हमीच्या वादात तोच पुरावा ठरतो. आणि रात्री डोंगल काढून ठेवावा. सोळाव्या टोकावरची वीज चालूच राहते. काही गाड्यांत डोंगलमुळे आतले संगणक झोपतही नाहीत. लहान बॅटरी उतरली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही तिला जोडणारे संपर्क मिटत नाहीत आणि गाडी जागची हलत नाही.